काठाकाठाचा उजेड

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर, रेणुकावर. आम्ही तिला आक्का म्हणतो. कधी झाला तेही सांगतो, कारण वेळ मोघम ठेवली की अन्याय करणाऱ्याची सोय होते. पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीनंतर, नानासाहेबांच्या वाढदिवसाच्या स्टेजवरून 'बंधू आणि भगिनींनो' ही हाक आली आणि त्यातला 'भगिनींनो' अजून हवेतच होता, तेव्हा. त्याच्या थोडंच आधी, त्याच स्टेजवर, आक्कानं बनवलेल्या वस्तूबद्दल नानांच्या पुतण्याला शाल आणि नारळ मिळाला होता. म्हणजे वस्तू चांगली चालत होती तोवर ती पुतण्याची होती, आणि नानांना नडली तशी ती आमच्या आक्काची झाली. माईक तोच, माणसं तीच, मालकी मात्र फिरली. आमच्याकडं सातबाराही इतक्या लवकर फिरत नाही.

आत्मकथन म्हातारपणी लिहावं, दात पडले की माणूस क्षमाशील होतो, असं मला एका जाणत्या गृहस्थांनी सुनावलं. म्हणूनच आत्ता लिहितोय, दात आहेत तोवर. आजवर मी पत्रकंच लिहिली. वसतिगृहातल्या पाण्यावर, बंद पडलेल्या बसवर, पिवळ्या कागदावर छापून फाट्यावर वाटलेली. पत्रकात माणूस 'जाहीर निषेध' म्हणून मोकळा होतो. पण पत्रकात घराचा वास येत नाही आणि मायच्या हातची येसरची आमटीही बसत नाही. त्याशिवाय या निषेधाला काही अर्थ नाही, म्हणून हे लांबण.

आमचं गाव बीडकडं, नेकनूरच्या पुढं. बस फाट्यावर सोडते, आणि फाट्यावरून पहिली दिसायची ती आमच्या दुकानाची पाटी : 'जगदंबा मंडप, लायटिंग अँड सन्स'. त्यातला सन्स म्हणजे मी. एकटाच. अनेकवचन ही आबांची, म्हणजे आमच्या वडिलांची, आशा होती. ती पाटीवरच राहिली. आणि या एकट्या सन्सला फ्यूज बदलता येत नव्हता. मला माळेतला जळालेला बल्ब शोधायला सांगितला की मी चांगले बल्ब काढून ठेवायचो. घरातलं सगळं बारीक काम, झाळण म्हणजे सोल्डरिंग, जोडणी, माळा दुरुस्त करणं, आक्का करायची. ओसरीवर पाय पसरून बसायची, मांडीवर जुनी कनात, हातात झाळायची काडी, आणि झाळणाच्या धुरानं डोळे बारीक. पाटीवर तिचं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. पाटी रंगवली तेव्हा ती जन्मलेली होती आणि मी नव्हतो. हे वाक्य पुन्हा वाचा. मी जन्मायच्या आधीच मी पाटीवर होतो.

मंडपवाल्याचं घर हे घर नसतं, ते दोन कार्यक्रमांच्या मधली जागा असते. ओसरीभर बांबू, मागच्या खोलीत छतापर्यंत खुर्च्या, परसात दोरीवर वाळत घातलेल्या कनाती. पावसाळाभर त्यांचा ओला कुबट वास पांघरुणाला यायचा. खिडक्यांना लग्नातल्या झालरी. पाणी प्यायचं ते पंगतीच्या स्टीलच्या जगमधून. माय साधं पिठलं करायची तेही गावजेवणाच्या पातेल्याच्या झाकणात, कारण घरातलं भांडं कुठल्या तरी बारशाला गेलेलं असायचं. आणि आवाज! सकाळी कोंबड्याच्या आधी आबा दुरुस्त केलेला कर्णा तपासायचे. 'हॅलो, हॅलो, माईक चेक, हॅलो.' माय आतून ओरडायची, ''चहा झालाय, हॅलो! येता का आता?'' गावातली पोरं आम्हाला 'हॅलोची लेकरं' म्हणायची.

या धंद्याचे दोन नियम आबांना वेदासारखे होते. पहिला, शिडीवर बाईमाणूस चढायचं नाही. आक्कानं कारण विचारलं तर म्हणायचे, ''पोरगी शिडीवर गेली की खालची माणसं काम सोडून वर बगत बसत्यात.'' त्यावर आक्का म्हणाली होती, ''मग त्येंलाच चढवा शिडीवर. मी खाली बसून बगते त्येंच्याकडं.'' दुसरा नियम असा, की मांडवात माणूस बसलेलं असेपर्यंत दोर सोडायचा नाही. कितीही उशीर होवो, भांडण होवो, वारा सुटो. गेवराईकडच्या एका लग्नात मानपानावरून वऱ्हाड अडून बसलं, नवरदेवाचा मामा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खुर्चीतून हलला नाही, तर आबाही हलले नाहीत. एकट्या त्या मामासाठी सगळा मांडव उभा ठेवला. पंचक्रोशीला हे माहीत होतं. म्हणून आमच्याकडं एक रीतच पडली होती : मंडपवाला दोराला हात लावेपर्यंत कार्यक्रम संपलेला नसतो, आणि त्यानं हात लावला की कोणी 'समाप्त' म्हणायची वाट बघत नाही. लोक उठतात. हे लक्षात असू द्या, पुढं लागणार आहे.

गावात कॉम्प्युटरचा एक क्लास होता, तो बंद पडला. क्लासवाल्या सरांनी जाताना एक संच आबांच्या मंडपाच्या भाड्यात लावून दिला. आबांनी तो घरी आणून त्यावर आहेराची टोपली ठेवली. आक्कानं टोपली उतरवली. ती तेव्हा बारावी होऊन घरीच होती, आणि मोबाइलवर कुठल्याशा परक्या पोराचे व्हिडिओ बघायची. त्याची भाषा निम्मी कळायची, हात पूर्ण कळायचे. त्यात तिनं ती गोष्ट पाहिली. कॉम्प्युटरच्या पडद्यामागं दिव्यांची पट्टी चिकटवायची, आणि पडद्याच्या काठावर जो रंग असेल तोच रंग मागच्या भिंतीवर पाडायचा. वरच्या काठावर आभाळ असेल तर भिंत वरून निळी. डाव्या काठाला आग असेल तर भिंत डावीकडून लाल. चित्र जणू पडद्याबाहेर सांडतं. तिनं मला दाखवलं तेव्हा मी म्हणालो, ''यानं शोषितांचा काय फायदा?'' मी तेव्हा नुकताच विद्यार्थी संघटनेत गेलो होतो. ती म्हणाली, ''शोषितांनी भिंतीकडं बघून खूश होऊ न्हाई का बे?''

पट्टी कुरिअरनं नेकनूरपर्यंत आली, तिथून दूधवाल्याच्या गाडीत. साधी माळ असते तिच्यातले सगळे दिवे एकच बोली बोलतात. या पट्टीतल्या प्रत्येक दिव्याला वेगळा हुकूम देता येतो. हुकूम कॉम्प्युटरमधून निघतो, काडेपेटीएवढ्या एका सर्किटच्या पाटीत जातो आणि तिथून पट्टीत. ही पट्टी कोपऱ्यात वाकत नाही, कापून पुन्हा झाळून जोडावी लागते. आक्कानं कोपरे जोडले, पडद्याच्या पाठीला चौकट केली, बटण दाबलं. निम्मी चौकट लागली, निम्मी अंधारात. झाळण तपासलं, वीज तपासली. दोन दिवस ती त्या चौकटीपाशीच बसून होती. मग भाकरी थापता थापता पिठाच्या हातानं उठली, पट्टी डोळ्याजवळ धरली आणि स्वतःच्याच कपाळावर मारून घेतलं. पट्टीवर बारीक बाण छापलेले असतात, हुकूम त्या बाणाच्या दिशेनंच जातो. तिनं एक तुकडा उलटा जोडला होता. ''वरून खाली हुकूम जातो, खालून वर न्हाई,'' ती म्हणाली. मी म्हणालो, हे तर सगळं शासनच आलं. तिनं मला पिठाचा हात दाखवला.

चौकट पूर्ण लागली, पण रंग बेइमान. लालाचा तपकिरी, निळ्याचा मोरपंखी. कारण भिंत हिरवी. गावातल्या निम्म्या घरांसारखीच. हिरव्या भिंतीवर पडलेला रंग त्या भिंतीच्या मर्जीनंच दिसणार. आक्कानं चुना कालवला आणि पडद्यामागची तेवढीच चौकोनी भिंत पांढरी केली. आबा आले, बघत उभे राहिले. ''भिंतीला कावून पट्टी बांधलीस? पडली काय कुटं?'' तिनं पडदा लावला. कुठल्यातरी समुद्राचं चित्र होतं, सूर्य बुडत होता. आमची पांढरी भिंत वरून केशरी, खालून निळी झाली, आणि लाट आली तशी निळाई हलली. आम्हा कुणीही समुद्र पाहिलेला नाही. माय दारात उभी होती, तिनं नकळत पदर सावरला, पाणी येईल म्हणून. शेजारच्या गिरजाकाकू आल्या आणि म्हणाल्या, ''बया, भिंतीला ताप आलाय का काय?'' आबांनी पडद्याच्या मागं वाकून झाळण बघितलं, आणि आमच्या घरात याला बक्षीस म्हणतात.

आता विकीभैय्या. हे नानासाहेबांचे पुतणे. नानासाहेब म्हणजे आमच्या भागाचे 'भावी'. भावी काय, हे दरवर्षी बदलायचं. एका फ्लेक्सवर भावी सभापती, दुसऱ्यावर भावी आमदार. भावी हे मात्र कायम. त्यांचा वाढदिवस पोळ्याच्या करीला यायचा. बैलांच्या दुसऱ्या दिवशी नानांची मिरवणूक, त्यामुळं झुली पुन्हा काढाव्या लागत नाहीत, असं गिरजाकाकू म्हणायच्या. विकीभैय्या मांडवाचं बोलायला घरी आले आणि आक्काची भिंत बघून चहा हातात घेऊन तसेच उभे राहिले. ''हे स्टेजवर पायजे. मोठा पडदा बीडहून आणतो. नानांची फिलिम लावू, आन् मागं ह्ये असं रंग रंग. जमंल का आबा?''

''तिला विचारा,'' आबा म्हणाले.

''जमंल,'' आक्का म्हणाली. ''पर स्टेजवरून माजं नाव घ्यायचं. रेणुकानं बनवलं, असं.''

''लई मोठी झालीस की! घेऊ, घेऊ. नावाला काय, टॅक्स लागतो व्हय?''

भैय्या गेल्यावर तिनं दुसरा सौदा आबांशी केला. तिचं म्हणणं साधं होतं. हे जमलं तर येत्या गणपतीपासून ती मांडवावर येणार, शिडीवर चढणार, आणि पाटीवर तिचं नाव लागणार. घरात बसून माळा सांधणारी पोरगी म्हणून नव्हे, लायटिंगवाली म्हणून. आबांनी जेवणाचं ताट पुढं ओढलं. आमटीत भाकरी कुस्करली. मग म्हणाले, ''स्टेजवरून नाव घेऊ दी. गावासमोर घेतलं, तर पाटीवर बी घेऊ.'' आबांना वाटलं असणार की भैय्या काही नाव घेत नसतात. आक्कालाही तसंच वाटत असणार. पण तिला गावासमोर बोललेला शब्द हवा होता, आणि आबांचा शब्द म्हणजे त्यांचा दोर; बांधला की बांधला.

पोळ्याच्या दिवशी गावातले बैल रंगत होते आणि आमच्या ओसरीवर आक्का मोठी चौकट जोडत होती. मायनं पुरण शिजवलं, त्याचा वेलदोड्याचा वास आणि झाळणाचा राळेसारखा वास एकात एक. तो वास मला आजही कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात भूक लावतो. मोठ्या चौकटीत नवी अडचण निघाली. पट्टीच्या लांबच्या टोकाला पांढरा उजेड मरून पिवळा पडायला लागला. आक्का पुन्हा पुन्हा सुरुवातीचं टोक तपासत होती. आबा बैलाला नैवेद्य दाखवून परतले, हातात रिकामं ताट, उभ्यानंच बघितलं आणि म्हणाले, ''आगं, माळ लांबली की शेवटाला जीव ऱ्हात न्हाई. दुसऱ्या टोकाकडून बी लाईन दे.'' दिली. पांढरा पांढरा झाला. मग दोघं बाप-लेक चौकटीपाशी असे काही वाकून बसले, की पुरणपोळ्या गार झाल्या आणि माय मलाच वाढत राहिली. सन्स म्हणून माझं योगदान एवढंच.

करीचा दिवस. शाळेच्या पटांगणात मांडव, स्टेजमागं पांढरी कनात, तिच्यापुढं बीडहून आलेला मोठा पडदा, पडद्याच्या पाठीला आक्काची चौकट. स्टेजच्या बाजूला कनातीआड एका खोक्यावर कॉम्प्युटर, आणि तिथं आक्का. मी तिच्याजवळ वायर कोणी तुडवू नये म्हणून उभा. अंधार पडू लागला तसे आबांनी स्टेजचे हॅलोजन बंद केले आणि फिल्मच्या आधीची नुसती रंगीत नक्षी लागली. कनात निळी-जांभळी होऊन हलायला लागली. पटांगणातून 'ओऽऽ' असा आवाज उठला. बायकांनी लेकरांना खांद्यावर घेतलं. निवेदक पुढं आला. माझ्या अंगावर काटा आला, खरंच आला. आणि तो म्हणाला, ''ही अद्भुत प्रकाशयोजना, संकल्पना आणि निर्मिती, आपल्या सर्वांचे लाडके विकीभैय्या!'' शाल आली, नारळ आला. भैय्यांनी हात जोडून चारी बाजूंना फिरून नमस्कार केला. आक्का खोक्यामागून बघत होती. ती म्हणाली, ''नारळ तरी मला द्यायचा. चटणी झाली असती.'' पण तिचा हात कीबोर्डवर नव्हता, मांडीवर घट्ट मिटलेला होता.

मग नानांची फिल्म लागली. आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं एका साध्या गोष्टीवर घडलं. ही चौकट पडद्याच्या काठावरचाच रंग घेते. मधलं काही घेत नाही. आणि फिल्ममध्ये नाना होते मधोमध, प्रत्येक चित्रात, भगवा फेटा बांधून, दोन्ही हात जोडून. काठावर बाकीचं जग होतं. पहिल्यांदा नाना तलावाच्या भिंतीवर, मागं मोठं आभाळ. कनात निळीशार झाली. कोणता रंग कोणाचा, हे आमच्याकडं कोणाला शिकवावं लागत नाही. लेकरू आधी रंग ओळखतं, मग बाप. निळा दिसताच उजवीकडचा एक गट उठला, शिट्ट्या, टाळ्या, घोषणा. 'नानांनी दाखवला बे, निळा दाखवला!' पुढचं चित्र, नाना उसाच्या फडात. कनात हिरवीगार. आता मागच्या बाजूची माणसं एकमेकांकडं बघून हसायला लागली, एकानं टोपी सरळ केली आणि टाळ्या वाजवल्या. मग रस्त्याच्या कामाचं चित्र. दोन्ही काठांना मुरूम उपसायची पिवळी मशीन. ती मशीन भैय्यांचीच, आणि आमच्या टेकडीचं आता काय उरलंय ते फाट्यावरून दिसतं. कनात पिवळीधम्मक. डावीकडून 'येळकोट!' अशी आरोळी आली. जो तो आपला रंग आला म्हणून उठत होता आणि दुसऱ्याचा आला की बसत होता. सगळं पटांगण लाटेसारखं वरखाली. फक्त भगवा येत नव्हता. पुढच्या रांगेत नानांची स्वतःची माणसं चिडीचूप बसली होती.

भैय्या शाल सावरत कनातीआड आले. ''ए, आपला रंग कुटंय?''

''नानांच्या डोक्यावर,'' आक्का म्हणाली.

''मग भिंतीवर कावून येईना?''

''ते काठाचं घेतंय, भैय्या. नाना मधी हायत. मधलं त्येला दिसतच न्हाई.''

''मधलं न्हाई दिसत? नाना न्हाई दिसत?''

''न्हाई. पायजे तर नानांला काठावर घ्या.''

ही तांत्रिक सूचना होती. त्या लोकांनी ती अमलात आणली. फिल्म संपून नाना भाषणाला उभे राहिले, कॅमेरा त्यांच्यावर, पडद्यावर थेट चित्र. भैय्यांनी कॅमेरावाल्याच्या कानात सांगितलं आणि त्यानं कॅमेरा सरकवला, नाना मधून निघाले, उजव्या काठाला गेले, निम्मे चित्राबाहेर. फेट्याचा भगवा काठाला लागला, आणि कनातीची उजवी बाजू भगवी झाली. पुढच्या रांगेनं सुटकेचा श्वास सोडून टाळ्या वाजवल्या. पण कॅमेरा सरकला म्हणजे दुसरा काठही सरकतो. डाव्या काठाला आता आले आमचे माजी सरपंच, स्टेजवरच्या खुर्चीत झोपलेले, अंगावर थोड्या वेळापूर्वी सत्कारात मिळालेली हिरवी शाल. कनात अर्धी भगवी, अर्धी हिरवी, आणि मधे घोरणं माईकमधून. मग पटांगणाच्या कुठल्या तरी अंधाऱ्या कोपऱ्यातून एक आवाज आला :

''युती झाली बे! युती झाली!''

असं हसू मी आमच्या गावात पुन्हा ऐकलं नाही. बायका पदरात तोंड लपवून, म्हातारे खोकत, पोरं खुर्च्यांवर उभी. नानांनी मागं वळून कनात पाहिली. त्यांचा चेहरा मात्र कोणत्याच रंगात बसत नव्हता. त्यांनी माईक घट्ट धरला. ''बंधू आणि भगिनींनो,'' ते म्हणाले, ''हे कारस्थान हाय. आमच्या भैय्यानं सरळ काम केलतं. ह्या मंडपवाल्याच्या पोरीनं, रेणुकानं, वायरी उलट्या लावल्या. विरोधकांनी फूस लावली तिला. पोरीबाळींच्या हातात लाईट दिली की असंच व्हतं. आबा, पोरीला पुढं आणा. गावाची माफी मागू दी तिला.''

भैय्यांनी चौकटीची वायर हिसकली. कनात नुसती पांढरी, मेलेली. सगळ्यांची तोंडं आमच्याकडं. आक्का उठली. मला वाटलं आता ही बोलणार; घरात कोणाला सोडत नाही ती. तिनं वाकून हिसकलेल्या वायरीचं टोक उचललं आणि ते मुठीत धरून तशीच उभी राहिली. जिनं एवढा उजेड केला तिला गावासमोर उभं करायचं, आणि तेही माफीसाठी. मी पत्रकातली वाक्यं शोधत होतो. एकही कामाचं नव्हतं.

आबा स्टेजच्या कडेला, कोपऱ्याच्या बांबूपाशी उभे होते. ते पुढं आले नाहीत. माईकही मागितला नाही. ते खाली वाकले आणि त्यांनी खुंटीचा दोर सोडायला घेतला. शांतपणे, जसा रोज सोडतात तसा, गाठ अंगठ्यानं ढिली करून. नाना बोलत होते. समोर माणसं बसलेली होती. आणि ज्या माणसानं एका रुसलेल्या मामासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत मांडव उभा ठेवला होता, त्यानं पहिल्या कोपऱ्याची कनात सोडली. ती हळूच झुकली. पहिल्यांदा गिरजाकाकूंनी पाहिली. ''संपलं की गं,'' त्या म्हणाल्या, आणि चपला शोधायला लागल्या. त्यांच्या बाजूची उठली. मग काठाकाठानं, कडेच्या माणसांपासून, पटांगण उठत गेलं. मसालेभात आणि बुंदी मागं तयारच होती. नाना म्हणत होते, ''बसा, बसा, अजून संपलेलं न्हाई,'' पण मंडपवाल्याचा दोर सुटलेला असताना नुसत्या माईकवर कोण विश्वास ठेवतो? शेवटी समोर पुढची रांग राहिली आणि स्टेजवर माजी सरपंच, कारण ते अजून झोपलेले होते.

घरी आल्यावर आबा ओसरीवर हातपाय धुऊन बसले. आक्का आत जायला निघाली तर म्हणाले, ''स्टेजवरून नाव घेतलं का न्हाई?''

''घेतलं,'' ती म्हणाली. ''शिव्या द्यायला.''

''कशाला का हुईना. गावासमोर घेतलं. ठरलं हुतं तेवढंच.'' मग मायकडं बघून, ''पुरण उरलंय का?''

गावचा गणपती त्या वर्षी बीडच्या मंडपवाल्याला गेला, आणि पुढच्या वर्षीही. नानांच्या घरचं एकही काम आमच्याकडं परत आलं नाही. आता आक्काच्या चौकटी पार दूरच्या सिरसाळ्यापर्यंत जातात. शिडीवर ती असते, खालची माणसं वर बघतात, आणि ती त्यांना हातोडी वर द्यायला लावते. पाटी आबांनी पेंटरकडून बदलून घेतली, पण कंजूषपणा जातो कुठं? फक्त 'जगदंबा' पुसून तिथं 'रेणुका' लिहून घेतलं, बाकी तसंच. त्यामुळं आता फाट्यावरून दिसतं, 'रेणुका मंडप, लायटिंग अँड सन्स'. मी बहिणीचा सन्स आहे. मला चालतं. नाना यंदाही भावी आहेत, आणि भैय्यांच्या फ्लेक्सवर अजून छापलं जातं, 'प्रकाशयोजनेचे जनक'.

आता तुम्ही. हे वाचून हसला असाल तर ते हसू जपून ठेवा, पुढच्या सत्काराला लागेल. निवेदक 'संकल्पना आणि निर्मिती' म्हणाला की टाळी वाजवू नका. उभे राहा आणि विचारा : वायरी कोणी जोडल्या? नाव सांगेपर्यंत बसू नका. आणि त्याच्याही आधी, आत्ता, हे पुस्तक पालथं ठेवून बाहेर जा आणि तुमच्या स्वतःच्या दुकानाची पाटी वाचा. त्यावर जन्मायच्या आधीच लिहिलेलं एखादं नाव असेल, आणि घरात ओसरीवर काम करणारं एक नाव त्यावर नसेल. पेंटरला बोलवा. शिडी तिला धरू देऊ नका. तुम्ही धरा, तिला चढू द्या.